दुसऱ्या फ्लॅशची वाट

तक्रारसाहेबांविरुद्ध आजवर एकही तक्रार झालेली नव्हती, आणि या गोष्टीचा त्यांना जेवढा अभिमान होता तेवढा स्वतःच्या मिशीचाही नव्हता. पाणीपुरवठा खात्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीमागे त्यांची सबंध नोकरी गेली. नळाला पाणी नाही, नळाला पाणीच पाणी आहे, नळच नाही, असल्या साऱ्या तक्रारी ते एकाच चेहऱ्याने ऐकायचे आणि दोनच शब्दांत निकालात काढायचे. "लेखी द्या." जो लेखी देई त्याला शिक्का मारून पोच मिळे. पाणी मिळे की नाही हा वेगळ्या खात्याचा प्रश्न. शेजारी, दुकानदार, एवढंच काय सासुरवाडीचे लोकही त्यांना तक्रारसाहेब म्हणत. असा हा माणूस काड्यापेटीहून थोड्या मोठ्या एका कॅमेऱ्यापायी तोंड लपवून मागच्या जिन्याने घरी यायला लागला, त्याची ही हकिकत. यातला एकही शब्द मी वाढवलेला नाही. जे वाढलंय ते आपोआप वाढलंय.

सुरुवात लेकीने केली. तिला दूरच्या शहरात नोकरी लागली होती, आणि सामान बांधताना माळ्यावरच्या पेटीत, एका लोकरी मोज्यात तिला हा कॅमेरा सापडला. चंदेरी रंगाचा, कोपऱ्यावर घासलेला, पाठीला पोस्टाच्या तिकिटाएवढा पडदा. ती लहान असताना साहेबांनीच घेतलेला.

"बाबा! हा अजून आहे? माझ्या सगळ्या मैत्रिणी असले जुने कॅमेरे शोधत फिरताहेत."

"का गं? फोन हरवले का सगळ्यांचे?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"फोनमधले फोटो फार गुळगुळीत येतात, आई. यात कसं, फ्लॅश मारला की माणूस पांढरंफटक आणि मागे मिट्ट काळोख. खरं वाटतं."

"पांढरंफटक व्हायला कॅमेरा कशाला लागतो? तुझे बाबा स्वयंपाकघरात काहीतरी करून बघतो म्हणाले की होते मी तशी."

लेक हसली आणि म्हणाली, "जायच्या आधी मला आपला तिघांचा एक फोटो पाहिजे. याच कॅमेऱ्यावर. तिकडे टेबलावर ठेवीन. आणि आई त्यात हसलेली पाहिजे."

हा जुना आणि नाजूक विषय होता. अल्बममध्ये आईचे फोटो ढीगभर, पण त्यातल्या एकातही ती हसलेली नव्हती. संध्याकाळी बागेत, रात्री बोटीवर, लेकीच्या बक्षीस समारंभात, सगळीकडे तिचा चेहरा आत्ताच गॅस संपल्याचं कळल्यासारखा.

"मी हसते," आई बाहेर येत म्हणाली. "दर वेळी हसते. यांच्या कॅमेऱ्यात उमटत नाही त्याला मी काय करू?"

"कॅमेरा निःपक्षपाती असतो," साहेब म्हणाले. वास्तविक इथेच त्यांनी थांबायला हवं होतं. पण पुढे ते असंही म्हणाले, "जे असतं तेच तो दाखवतो."

आई आत गेली, आणि नंतर बराच वेळ तिच्या वतीने भांडीच बोलत होती.

"बाबा, काढाल ना?" लेकीने हळूच विचारलं.

"काढतो. शब्द देतो."

लेक चपापली. उभ्या जन्मात साहेबांनी कोणाला शब्द दिलेला नव्हता. शब्द घेणारी बाजू त्यांची, तीही लेखी.

*

कॅमेरा चालू करणं हेच आधी एक प्रकरण झालं. चार्जर मिळाला तो भलत्याच यंत्राचा, पण बसला. बसला म्हणजे बोटाने दाबून धरला की बसे. साहेब संध्याकाळभर भिंतीशी बोट लावून उभे राहू लागले. येणारा-जाणारा विचारी, "काय साहेब, भिंत पडतेय का?"

त्यानंतर कार्डाचा प्रश्न आला. ते आताच्या कुठल्याच कॉम्प्युटरात जाईना. ते घेईल असं एकच यंत्र साहेबांच्या माहितीत होतं. त्यांच्याच कचेरीच्या अभिलेख खोलीत, ताडपत्रीखाली. साहेब भांडारपालाकडे गेले.

"लेखी द्या," भांडारपाल म्हणाला.

साहेबांनी लेखी दिलं.

"आता याची पोच तक्रारींच्या खिडकीवरून आणा."

"अहो, ती माझीच खिडकी!"

"मग तर तुम्हाला रस्ता विचारावा लागणार नाही."

नियम म्हणजे नियम. साहेब इमारतीला वळसा घालून बाहेरच्या बाजूने स्वतःच्या खिडकीसमोर रांगेत उभे राहिले. नोकरीला लागल्यापासून ही बाजू त्यांनी पाहिलीच नव्हती. खिडकी रिकामी होती आणि तीत 'थोड्या वेळात येतो' अशी पाटी, त्यांच्याच सुंदर अक्षरात. तत्त्वाला धरून ते वाट बघत राहिले. मागची बाई म्हणाली, "हा माणूस कधी म्हणजे कधी जागेवर नसतो." त्यामागचा म्हणाला, "असल्यांना घरी बसवलं पाहिजे." साहेबांनी जोरात मान डोलावली, आणि ती डोलावून झाल्यावर बोलणं कोणाबद्दल चाललंय ते त्यांच्या ध्यानात आलं. तो अर्ज अजून विचाराधीन आहे. शेवटी बाजारातला एक म्हातारा फोटोवाला, ज्याच्या दुकानात असलं जुनं यंत्र होतं, तो छापून द्यायला तयार झाला, आणि साहेब सरावाला लागले.

दिवसाउजेडी त्यांनी कावळ्यांपासून सुरुवात केली. या कॅमेऱ्याचा स्वभाव असा की बटण दाबलं तरी ते त्याच्या मनावर यायला वेळ लागे. समोर कावळा, बटण दाबलं, कॅमेरा विचारात पडला, कावळा उडाला, कॅमेऱ्याने फोटो काढला. तारांचे इतके स्पष्ट फोटो वीज कंपनीकडेही नसतील. मांजराच्या शेपटीचं टोक, बसचा मागचा दिवा, कचेरीतल्या शिपायाची निघून जातानाची टाच, असा मोठा संग्रह तयार झाला. लेक जीव तोडून सांगे, "बाबा, तुम्ही उगाच खचू नका." न खचलेल्या माणसाला असं कोणी सांगत नाही, हे साहेबांना कळत होतं.

अंधारात मात्र कॅमेरा खुलायचा. फ्लॅश असा लखलखीत की समोरचा माणूस क्षणभर आपलं नाव विसरे. आणि एकदा नव्हे, दोनदा. आधी एक, मग सेकंदभराने दुसरा. या दोन फ्लॅशचं साहेबांनी पूर्वीच, कॅमेरा नवा होता तेव्हाच, आपल्या पद्धतीने स्पष्टीकरण लावून ठेवलं होतं. पहिला फ्लॅश म्हणजे अर्ज आणि दुसरा म्हणजे पोच. काम पहिल्यातच होतं, दुसरा नुसता झाल्याची खूण. त्यामुळे पहिला फ्लॅश पडला रे पडला की साहेब मोठ्याने म्हणत, "झालं!" आणि समोरची माणसं सैल होत. पडद्याच्या कोपऱ्यात एक इवलासा डोळा दिसे. त्याचा अर्थ त्यांच्या मते, कॅमेऱ्याचं आपल्याकडे लक्ष आहे.

पडद्यावर फोटोही दिसे, पण माणसाचं तोंड त्यात मुगाच्या दाण्याएवढं. मुगाचा दाणा हसतोय की रडतोय हे सांगणारा अजून जन्माला यायचाय.

*

खरा घात केला तो चेअरमननी. हे इमारतीच्या सोसायटीचे चेअरमन. पदापेक्षा त्यांचं पोट आधी खोलीत येई. जिन्यात फ्लॅश लखलखताना त्यांनी पाहिला आणि दुसऱ्याच दिवशी ते दारात हजर.

"साहेब, तुम्ही छंद लपवून ठेवलात! प्रवेशदारापाशी भिंत मोकळी आहे. प्रत्येक कुटुंबाचा एक-एक मोठा फोटो लावू. माणसं एकमेकांना ओळखतील तरी."

"मला आत्ता जरा घरचाच फोटो..."

"अहो, तोच सराव होईल!"

खालच्या मजल्यावरच्या शिवणकाकू, ज्या दिवसभर मशीनवर कपडे शिवायच्या आणि सगळ्या इमारतीची खबर ठेवायच्या, त्या म्हणाल्या, "भाऊ, माझा आणि सूनबाईचा काढा. आम्ही कशा मायलेकींसारख्या राहतो ते लोकांना दिसू दे." समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "उजवी बाजू घ्या, माझं हसू उजवीकडून चांगलं येतं." सगळ्यांना सगळं ठाऊक होतं. कोणी म्हणे फ्लॅशवर रुमाल धरा, कोणी म्हणे उकिडवे बसून काढा, कोणी म्हणे आमच्या आत्याचा मुलगा कॅमेरा उलटा धरायचा. साहेबांनी सगळ्यांचं ऐकलं. चेअरमनांच्या घरी त्यांनी उकिडवं बसून, कॅमेरा उलटा धरून, रुमालासकट फोटो काढला. रुमाल ऐन वेळी पडला म्हणून निभावलं.

संध्याकाळ पडली की साहेब एकेका घरी जात. लोक नटूनथटून बसलेले. पहिला फ्लॅश, "झालं!", सगळे हुश्श करत, दुसरा फ्लॅश, चहा. साहेबांची मान जरा ताठ झाली. घरी त्यांनी बायकोचा आणि लेकीचाही एक काढला. "हसलीस ना?" त्यांनी विचारलं. "गाल दुखेपर्यंत," ती म्हणाली.

छापलेले फोटो उद्घाटनाआधी कोणीही बघायचे नाहीत, असा चेअरमनांचा हुकूम होता. फोटोवाल्याकडून बंद पाकीट त्यांनी स्वतः आणलं, स्वतः डोळे मिटून फोटो भिंतीवर चिकटवले, वरून शिवणकाकूंनी शिवलेला पडदा. देताना फोटोवाल्याने एकदा चेअरमनांच्या तोंडाकडे आणि एकदा पोटाकडे निरखून पाहिलं म्हणे. चेअरमनना वाटलं, चाहता आहे.

सगळी इमारत जमली. चेअरमन "सलोखा" या विषयावर पाच-सात वाक्यं बोलले आणि त्यांनी दोरी ओढली.

पडदा बाजूला झाला.

चेअरमनांच्या फोटोत पोट सुटलेलं होतं. नुसतं सुटलेलं नव्हतं, ते मोकळं होऊन निघालं होतं, आणि शर्टाचं एक बटण हवेत तरंगत होतं, लहानशा चंद्रासारखं. शेजारी त्यांची बायको. मुक्कामाला आलेल्या आणि जायचं नाव न काढणाऱ्या पाहुण्यांकडे पाहावं तसं ती त्या पोटाकडे पाहत होती. दातांचे डॉक्टर करंगळी शेवटच्या दाढेपर्यंत घालून काहीतरी शोधत होते, आणि त्यांची बायको खांद्यावरचा त्यांचा दुसरा हात दोन बोटांच्या चिमटीत, पाल उचलावी तसा उचलत होती. शिवणकाकू समाधानाने जांभई देत होत्या, आणि त्यांच्या मागे सूनबाईंनी जीभ काढलेली होती. चांगली लांब होती. इतकी वर्षं शेजारी राहून कोणाला कल्पना नव्हती.

काकूंच्या डोक्यावर एक पांढरा गोळा तरंगत होता.

"हे बघा!" काकू गहिवरल्या. "हे आमचे हे! अजून माझ्या पाठीशी आहेत!"

"धूळ आहे ती," चेअरमनांची बायको म्हणाली. तिचं तोंड कोणावर तरी सुटायलाच हवं होतं. "फ्लॅशमध्ये धूळ अशी दिसते. घर झाडत जा."

"माझ्या नवऱ्याला धूळ म्हणतेस?"

"तुमच्या नवऱ्याला नाही, तुमच्या धुळीला धूळ म्हणतेय!"

शेवटचा फोटो साहेबांच्या घरचा. लेकीचे डोळे मिटलेले, आणि बायको... गॅस संपलेला.

साहेबांनी बायकोकडे पाहिलं. ती एकही शब्द न बोलता जिना चढून गेली. तिने दोन शब्द ऐकवले असते तरी चाललं असतं.

*

रात्रीचं जेवण होतं न होतं तोच दारावर थापा पडायला लागल्या. साहेबांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "लेखी द्या." आणि लोकांनी दिलं! दुसऱ्या दिवशी दाराखालून कागद येत होते. 'छायाचित्रात दाखवलेले पोट माझे असले तरी ते माझे नेहमीचे नाही, सबब काढून टाकावे.' 'सदर जिभेची चौकशी व्हावी.' डॉक्टरांकडचे दोन पेशंट दवाखान्याच्या दारातून परत गेले होते. सूनबाईंनी वेगळं राहायची भाषा सुरू केली होती. साहेब टेबलाशी बसले आणि त्यांनी एकेका कागदाला पोच दिली. सबंध नोकरीत जे झालं नाही ते घरात झालं होतं. मागच्या जिन्याने ये-जा सुरू झाली ती तेव्हापासून.

"मी तो कॅमेरा पाण्याच्या टाकीत टाकतो," ते म्हणाले.

"त्याला परवानगी लागेल," बायको म्हणाली. भांडण मिटलेलं नव्हतं, पण बोलणं सुरू झालं होतं.

लेक मात्र कॅमेरा घेऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली होती. समोर मिठाची बरणी. फ्लॅश, फ्लॅश. पुन्हा फ्लॅश, फ्लॅश. मग तिने आणखी एकदा बटण दाबून पहिल्या आणि दुसऱ्या फ्लॅशच्या मधे बरणी हाताने सरकवली, आणि भिंग लावून पडद्याकडे पाहिलं.

"बाबा, हा छोटा डोळा कशाचा?"

"कॅमेऱ्याचं लक्ष आहे त्याचा."

"बाबा, हा डोळा दिसतो ना, तेव्हा कॅमेरा आधी एक नुसताच फ्लॅश मारतो. अंधारात माणसाचे डोळे लाल येऊ नयेत म्हणून. त्या फ्लॅशला फोटो निघतच नाही. फोटो निघतो दुसऱ्या फ्लॅशला. बघा, बरणी सरकल्यावरची आलीय."

साहेब बरणीकडे बघत राहिले.

"आणि पहिल्या फ्लॅशनंतर तुम्ही काय म्हणता?"

"झालं म्हणतो," साहेब बारीक आवाजात म्हणाले.

ओट्यापाशी काहीतरी पडलं. बायको झारा खाली टाकून वळली होती.

"म्हणजे मी हसत होते," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, तेच भयंकर होतं. "बागेत हसत होते. बोटीवर हसत होते. हिला बक्षीस मिळालं तेव्हा तर रडता रडता हसत होते. आणि हे महाशय 'झालं' म्हणत होते. मी तोंड मिटलं की मग फोटो काढत होते. वर आणि मला सांगत होते, कॅमेरा निःपक्षपाती असतो!"

इतक्या वर्षांचं हसू, दरवेळी वेळेवर खिडकीशी आलेलं, आणि दरवेळी त्यांनी ते पोच देऊन परत पाठवलेलं. त्यांनी अल्बम उघडला आणि मिटला. आता त्यातल्या प्रत्येक फोटोत त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत होता.

"हे बंद करता येतं, बाबा," लेक म्हणाली. "एक बटण दाबलं की डोळा जातो."

"हात लावू नकोस!" साहेब ओरडले. "आत्ता कुठे पद्धत कळलीय!"

तुम्ही-मी असतो तर बटण दाबलं असतं. पण सरकारी माणूस पद्धत बदलत नाही, तो माणसं बदलतो. साहेबांनी सगळ्या इमारतीला जिन्यात जमवलं आणि हात जोडून सगळं सांगितलं. पोटाचा आणि जिभेचा खुलासा झाला, म्हणजे ती कशी दिसली याचा. चेअरमननी मोठ्या मनाने माफ केलं, पण अट घातली की भरपाई म्हणून सगळ्यांचा मिळून एक नवा फोटो व्हावा. त्यासाठी कवायत सुरू झाली. कॅमेऱ्याची बॅटरी वाचावी म्हणून साहेब टॉर्च लुकलुकवत.

"पहिला फ्लॅश! हा खोटा! दुसरा! हा खरा!"

चेअरमननी पाटी लावली, 'पहिल्या फ्लॅशवर विश्वास ठेवू नये.' दोन दिवसांत लोक इतके तरबेज झाले की पहिला फ्लॅश पडेपर्यंत कोणी तयारीच करेना. खाजवायचं ते खाजवून घेत, बोलायचं ते बोलून घेत. पोट उगाच आधीपासून कोण आत ओढून ठेवणार? पहिला पडला की मग सगळे एकदम सावध होत, श्वास रोखत, हसत, आणि दुसऱ्यापर्यंत पुतळ्यासारखे राहत. बायकोही आली होती. कवायतीत ती अशी हसे की टॉर्च धरलेला साहेबांचा हात खाली येई.

लेक तेवढी या कवायतीला नव्हती. ती मैत्रिणींचे निरोप घेत फिरत होती.

*

तिच्या जाण्याच्या संध्याकाळी दिवेलागणीला टॅक्सी फाटकाशी उभी राहिली. तिघांच्या फोटोसाठी साहेबांनी पायऱ्या नक्की केल्या होत्या. पण लेकीला निरोप द्यायला म्हणून चेअरमन आले, डॉक्टर आले, शिवणकाकू सुनेला घेऊन आल्या, आणि भरपाईचा फोटोही आत्ताच उरकून टाकू असं कोणीतरी म्हणालं. तिघांची चाळीस माणसं झाली. "तुम्ही तिघं मधे!" चेअरमननी उदारपणे सांगितलं.

कॅमेरा चेअरमनांच्या स्कूटरच्या सीटवर ठेवला. आपोआप फोटो निघण्याचं बटण साहेबांना पाठ होतं. दाबायचं, धावायचं, दहा मोजेपर्यंत पायरी गाठायची.

"सगळ्यांच्या लक्षात आहे ना?"

"पहिला खोटा!" चाळीस माणसं ओरडली. लेकीने चमकून आईकडे पाहिलं, पण आई केस सारखे करत होती. लेक काहीतरी बोलायला गेली, "बाबा, ऐका ना, मी..."

"नंतर! बॅटरी संपेल!" साहेबांनी बटण दाबलं आणि ते धावत सुटले.

वय, पोटऱ्या आणि सुतळीने बांधलेली लेकीची ट्रंक, या तिन्ही गोष्टी वाटेत होत्या. साहेब ट्रंकेवरून आडवे गेले. एक चप्पल वर उडाली. नेमका त्याच क्षणी फ्लॅश पडला.

चाळीस माणसं सावध झाली. पोट आत गेलं. करंगळी बाहेर आली. जीभ आत गेली. साहेब धूळ न झटकता उठले, एका पायात चप्पल घालून बायको आणि लेकीच्या मधे उभे राहिले, मिशी सारखी केली आणि समोर पाहून हसले. डाव्या बाजूला बायको हसतेय हे त्यांना न बघताही कळत होतं. ऊब लागते तसं.

सगळे दुसऱ्या फ्लॅशची वाट बघत राहिले.

स्कूटरवरचा कॅमेरा शांत होता.

"हलू नका," साहेब दात न उघडता म्हणाले. "जुना आहे. विचार करतोय."

एक कुत्रं येऊन सगळ्यांना हुंगून गेलं. टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. चेअरमनांचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. "गाडी चुकेल हो, बाई!" टॅक्सीवाला ओरडला. चाळीस माणसं हसत उभी. रस्त्यावरून जाणारा एकजण थांबला, त्याने मागे वळून पाहिलं, त्याला काही दिसलं नाही, आणि तो घाबरून पळाला.

"बाबा," लेक रडवेल्या आवाजात म्हणाली, "दुसरा नाही येणार. मी दुपारीच तो डोळा बंद केला. म्हटलं, तुम्हाला त्रास नको. मला काय माहीत तुम्ही सगळ्यांना..."

चेअरमनांचं पोट सुटलं. त्याच्या धक्क्याने पुढची रांग एक पायरी खाली आली.

साहेब स्कूटरकडे धावले. बटण दाबलं. पडदा एकदा लुकलुकला आणि काळा झाला. बॅटरी संपली. भिंतीशी बोट लावून उभं राहायला आता वेळ नव्हता. लेकीने घाईघाईने कार्ड काढून पर्समध्ये टाकलं, आईच्या गळ्यात पडली, बाबांच्या पाया पडायला वाकली आणि तिथेच त्यांची चप्पल सापडली म्हणून ती त्यांच्या हातात देऊन टॅक्सीत बसली. साहेब चप्पल हलवून निरोप देत राहिले.

वर आल्यावर ते न जेवता खुर्चीत बसले. एकच शब्द दिला होता जन्मात.

"मी हसले होते," बायको म्हणाली.

"हो."

"या वेळी तरी बघितलंत का?"

"मी," ते म्हणाले, "समोर बघत होतो."

बायकोने दिवा मालवला.

*

लेकीचा फोन आला तेव्हा बाहेर आभाळ भरून आलं होतं. तिकडे असाच एक जुना फोटोवाला शोधून तिने फोटो छापून घेतला होता. आईने फोनचा आवाज मोठा केला.

"पहिल्या फ्लॅशचा एकच आलाय. चेअरमनकाकांचं पोट आहे तसं आलंय, डॉक्टरांचं बोट आहे, वहिनीची जीभ आहे. मी बाबांना सावरायला खाली वाकलेय, मला चक्क दुहेरी हनुवटी आहे. आणि आई! आई इतकी हसलीय, इतकी हसलीय की डोळे मिटलेत आणि हात पोटावर आहे."

साहेब ताडकन उठले. "हसलीय?"

"खोखो!"

"आणि मी? मी कसा आलोय?"

"तुमची पाठ आलीय, बाबा. पाठ, आणि वर हवेत एक चप्पल. पण छान आलीय हो. टेबलावर ठेवलाय. सगळे विचारतात, हे कोण? मी सांगते, हे माझे बाबा, निघालेले."

फोन ठेवल्यावर साहेब बराच वेळ आरशाकडे पाठ करून मान वळवत राहिले. ती पाठ कशी आहे याविषयी त्यांचं आजवर काहीच मत नव्हतं, आणि आता बनवायला गेलं तर मान दुखत होती.

"एवढं काय हसलीस?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही पडलात म्हणून."

"एवढंच?"

"एवढं पुष्कळ होतं."

साहेब तोंड पाडून गॅलरीत गेले. हवा खायला सगळी इमारत आपापल्या गॅलरीत आली होती. इतक्यात वीज चमकली, अशी लख्ख की समोरच्या भिंतीवरची वीट न् वीट दिसली.

मी स्वतः समोरच्या फुटपाथवर होतो, म्हणून सांगतो. वरपासून खालपर्यंत एकाही गॅलरीत कोणी हललं नाही. चेअरमननी पोट आत घेतलं होतं. डॉक्टर उजवीकडून हसत होते. शिवणकाकूंनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला होता, आणि सूनही गोड दिसत होती. सगळे आभाळाकडे तोंड करून दुसऱ्या फ्लॅशची वाट बघत होते. आणि तिसऱ्या मजल्यावर तक्रारसाहेब, मिशी नीट करून, छाती पुढे काढून, या खेपेला पाठ भिंतीकडे घट्ट दाबून उभे.

गडगडाट झाला. पाऊस सुरू झाला. मिशीवरून पाणी ओघळायला लागलं तरी ते हलेनात.

शेवटी आतून बायकोचा आवाज आला.

"या आत. झालं."